स्पोर्ट्स फिल्मला म्युझिक लावतोयस? आधी हे वाच

पहिलीच स्पोर्ट्स फिल्म आहे ना, मग एक काम कर, शेवटची मॅच आधी म्युझिकशिवाय बघ, नुसते ग्राउंडचे आवाज ठेव, बूट, श्वास, पब्लिकचा गोंगाट, कारण जिथे एवढ्यानेच अंगावर काटा येतो तिथे म्युझिक लावायची गरजच नसते. नवीन लोक पहिल्या मिनिटापासून ड्रम्स बडवत सुटतात आणि मग क्लायमॅक्सला वर चढायला जागाच उरत नाही.

थीम, म्हणजे फिल्मभर परत परत येणारी धून, लवकर पेरून ठेव. ट्रेनिंगच्या सीनला पियानोवर चार सूर, हरल्यावर तेच सूर संथ, जिंकताना पूर्ण ऑर्केस्ट्रावर, बघणाऱ्याला कळतही नाही पण कानाला ओळख पटलेली असते म्हणून डोळे भरून येतात.

पेनल्टी किकचंच घे. खेळाडू बॉल ठेवतोय तोवर हलका ताल चालू दे, तो मागे सरकला की सगळं बंद, फक्त श्वास, किक मारली तरी काही नको, बॉल जाळ्यात गेल्यावरही अर्धा सेकंद थांब आणि मग म्युझिक सोड. तो अर्धा सेकंद अजिबात कापू नकोस!!

आणि हो, वाद्यं त्या काळातलीच हवीत असं काही नाही. चॅरियट्स ऑफ फायर (१९८१) ची गोष्ट १९२४ च्या ऑलिम्पिकची, पण संगीतकार व्हॅन्जेलिसने सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, वापरला आणि त्या म्युझिकला ऑस्कर मिळालं. फक्त प्रत्येक कट, म्हणजे शॉट बदलणं, म्युझिकच्या ठोक्यावर पाडू नकोस, जाहिरात वाटायला लागते.