कपाटातल्या वह्या आधी बाहेर काढा

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत अकरावी विज्ञान शाखेत शिकत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली होती. तिने आर्किटेक्ट व्हावे असे ठरवून आम्ही तिला दर रविवारी पुण्याला नाटाच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला पाठवतो. तिचे पर्स्पेक्टिव्ह (यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे-लांबचे डोळ्याला दिसते तसे काढणे) कच्चे आहे, असे तिथले शिक्षक म्हणतात. मधल्या काळात ती महाविद्यालयाच्या एकांकिकेच्या नेपथ्यात गुंतली आणि आता ‘मला पुढे नेपथ्यच करायचे आहे’ असे म्हणू लागली आहे. नाटकावर पोट भरत नाही, म्हणून तिच्या नाटकाच्या चित्रांच्या वह्या प्रवेश परीक्षा होईपर्यंत मी कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत. हल्ली रेंडरिंग, म्हणजे चित्रात छायाप्रकाश आणि पोत भरणे, सगळे संगणकावरच होते असे ऐकतो. मग हाताच्या चित्रात वेळ न घालवता चांगला लॅपटॉप घेऊन तिला एखादे सॉफ्टवेअर आताच शिकवावे का? कृपया तिलाही चार शब्द समजावून सांगावेत. — एक पालक, सांगली

उत्तर : आपण पर्स्पेक्टिव्हबद्दल विचारले आहे, सॉफ्टवेअरबद्दल विचारले आहे आणि मुलीला समजवण्याची विनंती केली आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी पुढे देतो. तिसऱ्याबाबत मात्र आधीच सांगतो की या प्रकरणात मला जे काही समजवायचे आहे ते आपल्याला समजवायचे आहे, कारण पत्रातल्या ज्या वाक्याने मी अस्वस्थ झालो ते गुणांबद्दलचे किंवा क्लासबद्दलचे नसून कुलपाबद्दलचे आहे.

ज्या दोन वर्षांत मुलांनी रोज, न सांगता, हातात पेन्सिल घेऊन बसावे असे चित्रकलेच्या प्रत्येक शिक्षकाला वाटते, नेमक्या त्या वयात आपली मुलगी स्वतःहून वह्या भरत होती आणि आपण त्या वह्या काढून घेतल्या. आपला हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. परंतु परिणामाचा विचार करा. चित्रांचे दोन प्रकार असतात, एक परवानगी असलेला आणि एक नसलेला, हे तिला त्या दिवशी घरातूनच कळले. परवानगीचे चित्र परीक्षकासाठी, क्लासच्या शिक्षकासाठी आणि वडिलांसाठी काढायचे असते, आणि असे चित्र काढणाऱ्या हाताची रेघ लवकरच ओळखू येऊ लागते: तुकड्यातुकड्यांनी ओढलेली, पुन्हा पुन्हा गिरवलेली, खोडरबराने खरवडलेली, चुकण्याच्या भीतीने कागदाच्या मधोमध आक्रसून बसलेली. हा दोष कौशल्याचा नसतो, धास्तीचा असतो, आणि तो क्लासच्या तासांनी दूर होत नाही; उलट पुष्कळदा क्लासमध्येच तो पक्का होतो. म्हणून आपल्याला माझा पहिला सल्ला हा आहे की हे उत्तर वाचून झाल्यावर त्या वह्या तिला परत द्याव्यात आणि देताना ‘पण अभ्यास सांभाळून’ हे शब्द जोडू नयेत. ते तिला ठाऊक आहेत.

आपली भीती मी खोटी म्हणणार नाही. केवळ मराठी रंगभूमीच्या नेपथ्यावर दरमहा ठरावीक मिळकत होणे कठीण आहे, आणि या क्षेत्रातले बहुतेक लोक त्याच्या जोडीला अध्यापन, जाहिरातकला, प्रदर्शनांची मांडणी किंवा चित्रपट-मालिकांचे कलादिग्दर्शन करत आले आहेत. हे मुलीलाही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण ‘आर्किटेक्ट झाली की चिंता मिटली’ ही आपली समजूतही तितकीच तपासून पाहण्यासारखी आहे. तो पाच वर्षांचा, खर्चिक आणि कष्टाचा अभ्यासक्रम आहे, त्यानंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्याच्या कार्यालयात, पालकांच्या अपेक्षेहून बऱ्याच कमी पगारावर काढावी लागतात. ज्या मुलांना रेखाटणे, मोजणे आणि जागेचा विचार करणे मनापासून आवडते ती मुले ही वर्षे निभावून नेतात. ज्यांना केवळ सुरक्षित मार्ग म्हणून इथे आणले जाते त्यांच्यातली अनेक तिसऱ्या-चौथ्या वर्षी थकतात. आपण जी आवड कुलपात ठेवली आहे तिच्याच बळावर हा अभ्यासक्रम पूर्ण होणार आहे.

आर्किटेक्चर आणि नेपथ्य हे एकमेकांचे वैरी आहेत, असे आपल्या पत्रात गृहीत धरलेले दिसते. इतिहासात मात्र ते एकाच माणसाच्या हातून घडत आलेले आहेत. इटलीतल्या विचेन्झा शहरात पालाडिओ या वास्तुकाराने आराखडा केलेले नाट्यगृह १५८५ साली सुरू झाले. पालाडिओ तत्पूर्वीच, १५८० साली, निवर्तला होता. रंगमंचामागचे नगररस्ते स्कामोझ्झी या दुसऱ्या वास्तुकाराने लाकूड आणि प्लास्टर वापरून उभारले, जमीन मागे चढवत नेऊन आणि घरे लहान करत नेऊन असे की थोड्याशा अंतरात प्रेक्षकाला लांबच लांब रस्ता दिसावा. ते रस्ते आजही उभे आहेत, आणि तिथे पर्स्पेक्टिव्ह हा कागदावरचा विषय राहिलेला नसून सुताराला द्यायचे माप झालेला आहे. बर्लिनची महत्त्वाची सार्वजनिक इमारत मानल्या जाणाऱ्या जुन्या संग्रहालयाचा वास्तुकार शिंकेल याने १८१६ साली मोझार्टच्या ऑपेरासाठी केलेले ताऱ्यांच्या घुमटाचे दृश्य नेपथ्याच्या अभ्यासात आजही दाखवले जाते.

आपल्याकडचेच पाहायचे तर सांगलीकरांना १८४३ सालच्या, विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाची आठवण मी करून द्यायला नको, आणि शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती आपल्या भागात अजून ऐकू येते. राजवाडा, रस्ता, अरण्य ही दृश्ये त्या काळी कापडावर यथार्थदर्शनाच्या जोरावर उभी राहत. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले तेव्हा रंगवलेल्या पडद्याच्या जागी खऱ्या दारांची, खऱ्या फर्निचरची, भिंतींनी बांधलेली खोली आली, आणि तेव्हापासून नेपथ्यकाराला चित्रकाराच्या बरोबरीने बांधकामाचा नकाशा वाचता येणे भाग पडले. दार कुठल्या बाजूला उघडते, फ्लॅटची (सेटच्या भिंतीच्या चौकटीची) उंची किती, लेव्हलवर (रंगमंचावरच्या उंचवट्यावर) दोन माणसे उभी राहिली तर ती हलेल का, सेटचे तुकडे ट्रकमध्ये मावतील का आणि प्रयोगाआधीच्या थोड्या वेळात उभे राहतील का, या प्रश्नांची उत्तरे देताना आपली मुलगी जे शिकते आहे, ते आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षात शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींपासून फार दूरचे नाही.

आता आपल्या सर्वांत मोठ्या गैरसमजाकडे वळतो. रेंडरिंग संगणकावर होते, म्हणून हाताच्या चित्राची गरज उरली नाही, असे आपण ऐकले आहे. पहिली अडचण सरळ व्यवहाराची आहे. नाटाच्या चित्रकलेच्या भागात रंगसंगती, रेखाटन आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना हे सारे हातानेच करावे लागते, जेईई मेनच्या आर्किटेक्चरच्या पेपरमधला चित्रकलेचा भागही कागदावरच सोडवायचा असतो, आणि बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची सुरुवात ड्रॉइंग बोर्ड आणि सेट स्क्वेअरनेच होते. त्याहून मोठी अडचण अशी की रेंडरिंग म्हणजे पूर्ण झालेल्या चित्रावर चढवायची झिलई, असे मानले जाते, आणि तसे मानले की सॉफ्टवेअर पुरेसे वाटू लागते. वस्तुतः रेंडरिंग म्हणजे निर्णय घेणे होय: प्रकाश कुठून येतो, कोणता पृष्ठभाग उजळ राहतो, कोणता अंधारात जातो, दगड आणि रंगवलेले प्लायवूड यांच्यातला फरक किती रेघांत दाखवायचा आणि पाहणाऱ्याची नजर आधी कुठे न्यायची. सॉफ्टवेअर हे निर्णय आपल्यासाठी घेत नाही. आपण ते घेतले नसतील तर ते स्वतःचे ठरीव प्रकाश आणि ठरीव पोत वापरून कुठलीही चुकीची खोली चकचकीत करून देते, आणि नवशिक्याला त्या चकाकीमागचा दोष दिसत नाही. ज्याने पेन्सिलने एका चेंडूची सावली, तिच्या आतला परावर्तित उजेड आणि जमिनीवर पडलेली छाया वेगवेगळी ओळखायला शिकले आहे, त्याला सॉफ्टवेअरमधला दिवा कुठे ठेवायचा हे कळते. सॉफ्टवेअर तिने अवश्य शिकावे. ते महाविद्यालयात शिकवले जाईल, आणि तोवर त्याच्या आवृत्त्याही बदललेल्या असतील.

पर्स्पेक्टिव्ह कच्चे असल्याची तक्रार खरी असेल, पण तिचे कारण बहुधा एकच असते. विद्यार्थी व्हॅनिशिंग पॉइंटच्या (लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूच्या) रेघा पाठ करतात आणि आपला डोळा कुठल्या उंचीवर आहे हे ठरवायला विसरतात. यावर तिच्या एकांकिकेतच उत्तम व्यायाम आहे. तालमीच्या सभागृहात तिने एकच सेट तीन जागांवरून काढावा: पहिल्या रांगेत बसून, मधल्या रांगेतून आणि बाल्कनीतून किंवा तिथे असेल त्या उंच जागेवरून. पुढे बसल्यावर रंगमंचाची जमीन जवळजवळ रेघेसारखी दिसते, वर गेल्यावर तीच जमीन चित्राचा मोठा भाग व्यापते, आणि मधल्या जागेवरून क्षितिजरेषा नेमकी कुठे आली हे शोधताना डोळ्याच्या उंचीचा नियम कोणी न शिकवता समजतो. प्रत्येक चित्रात एक उभा माणूस काढलाच पाहिजे, कारण माणसावाचून खोलीचे माप कळत नाही. त्याच सेटचा तिने टेपने मापे घेऊन अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि सेक्शन (उभा छेद) काढावा आणि त्यावर कडेच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा ओढून विंगेतले काय उघडे पडते ते पाहावे. नाट्यगृह बांधणारा आर्किटेक्ट हेच करतो, आणि नेपथ्यकारही. सेक्शनमध्ये जे कापले गेले ते जाड रेघेने आणि मागे दिसणारे बारीक रेघेने दाखवायचे, एवढे एक पथ्य तिने आतापासून पाळले तर पहिल्या वर्षाच्या तपासणीत तिचे पुष्कळ श्रम वाचतील.

तिला इंटरमिजिएटमध्ये ‘अ’ श्रेणी मिळाली आहे, म्हणजे घनभूमितीचा पेपर तिने केलेला आहे. मुले तो पेपर कंटाळवाणा म्हणून कशीबशी उरकतात आणि स्थिरचित्रावर सारा जीव लावतात, परंतु वरून आणि समोरून दिसणारी वस्तू दोन दृश्यांत बसवण्याची सवय त्याच पेपरात लागते. त्या वह्या घरात असतील तर त्या पुन्हा काढाव्यात.

रेंडरिंगसाठी मी एकच गोष्ट सुचवतो, कारण ती नाटकामुळेच तिला लवकर कळेल. वास्तूचे चित्र पांढऱ्या कागदावर सुरू होते आणि आपण त्यावर सावली घालत जातो. रंगमंच अंधारात सुरू होतो आणि आपण त्यावर उजेड घालत जातो. तिने एका कागदावर कोळशाने संपूर्ण काळा थर द्यावा आणि खोडरबराने उजेड काढत सेटचे चित्र करावे, मग त्याच सेटचे पेन्सिलने पांढऱ्या कागदावर नेहमीसारखे चित्र करावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कोणते पृष्ठभाग उगाच रंगवले गेले आहेत ते तिला स्वतःलाच दिसेल. जलरंगात फिक्याकडून गडदाकडे, थर वाळू देत जाण्याचा संयम यानंतर आपोआप येतो.

क्लासबद्दलही स्पष्ट लिहितो. रेल्वे स्थानक, आठवडी बाजार, बागेतली मुले अशी तयार चित्रे पाठ करून घेणारे क्लास सर्वत्र आहेत, आणि तिचा क्लास त्यांपैकी असेल तर त्यासाठी दर रविवारी सांगली-पुणे असा प्रवास करणे म्हणजे तिच्या आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस वाया घालवणे आहे. तिच्या मागच्या महिन्याभराच्या चित्रांत एकसारखीच माणसे आणि एकसारखीच झाडे दिसत असतील तर क्लास थांबवा आणि बारावीच्या सुरुवातीला, प्रश्नपत्रिकेच्या सरावापुरता, दुसरा शोधा. प्रवेशाचा मार्ग आपल्याला ठाऊक आहेच: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नाटा किंवा जेईईचे गुण, मग सीईटी कक्षाची प्रवेशफेरी. गणित सोडू नये, एवढेच.

तिला नेपथ्यच करायचे असेल तरी हा रस्ता बंद होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशासाठी पदवी आणि रंगभूमीवरचे प्रत्यक्ष काम लागते, आणि पुण्याच्या चित्रपट संस्थेतला कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आर्किटेक्चरच्या पदवीधरांना खुला आहे. म्हणजे ‘आर्किटेक्चर की नाटक’ हा निर्णय सोळाव्या वर्षी, घरात भांडण करून, घेण्याची काहीच गरज नाही. पाच वर्षांनी तो ती स्वतः घेईल आणि तोवर दोन्हींसाठी लागणारी तयारी एकच आहे. एकांकिकेतून तिला काढून घेऊ नका. प्रयोगाला आपण स्वतः जा, आणि पडदा पडल्यावर तिने बांधलेल्या लेव्हलवर चढून ती कशी उभी केली हे तिला विचारा. बांधकाम तिला किती कळले आहे याचा अंदाज आपल्याला कुठल्याही चाचणीपेक्षा त्या उत्तरातून अधिक येईल.

लॅपटॉप आता घेऊ नका. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाल्यानंतर, महाविद्यालय कोणते सॉफ्टवेअर वापरते हे पाहून, शक्यतो दुसऱ्या वर्षी घ्या. त्या रकमेतला अगदी लहान भाग खर्च करून तिला एक ड्रॉइंग बोर्ड, पाच मीटरचा टेप, एचबीपासून सहा-बीपर्यंतच्या पेन्सिली, कोळशाच्या कांड्या आणि कार्ट्रिज कागदाचा गठ्ठा आणून द्या, आणि कागद संपला की किमतीची चर्चा न करता दुसरा आणा.