केबलवरचं भजन कॉम्प्युटरवर कसं उतरवून घ्यायचं?

प्रश्न : आमच्या गावच्या सप्ताहातलं भजन केबलच्या लोकल चॅनलवर येत्या शनिवारी रात्री दहाला पुन्हा दाखवणार आहेत. त्यात माझे मामंजी पखवाजाला आहेत. आता त्यांचे हात थरथरतात, वाजवणं बंद झालंय. ते भजन घरच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचं आहे. मुलानं सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर जोडायचं छोटं यंत्र बेळगावातून आणलं, पण पडदा नुसता काळा. दुकानदार म्हणतो, तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय. नवा घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, नवा कॉम्प्युटर अजिबात घेऊ नका. तीच वायर टीव्हीला लावली की चित्र दिसतं ना? मग दोष कॉम्प्युटरच्या वयाचा नाही. एचडीएमआयमधून बाहेर पडणाऱ्या चित्राला बहुतेक बॉक्स कुलूप घालतात. एचडीसीपी म्हणतात त्याला. समोर टीव्ही आहे याची खात्री पटली तरच कुलूप उघडतं. रेकॉर्डिंगचं यंत्र दिसलं की काळा पडदा. लाखाचा कॉम्प्युटर आणला तरी तो काळाच राहील.

सगळ्यात आधी एक काम करा. केबलवाल्याकडे जाऊन मूळ शूटिंगच पेनड्राइव्हवर देता का, विचारा. दिलं तर त्याहून चांगलं काही नाही. पण त्या भरवशावर शनिवार घालवू नका. जागा कमी पडली की जुनं शूटिंग पुसून टाकतात, हे मी आमच्या भागात पाहिलंय.

आता तुमचं तुम्ही कसं घ्यायचं ते सांगतो. बॉक्सच्या मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची जागा असेल. काही बॉक्सना एकच बारीक भोक असतं आणि त्याची तीन शेपट्यांची वायर वेगळी मिळते. पिवळीतून चित्र, लाल-पांढरीतून आवाज. या वाटेवर एचडीएमआयचं कुलूप नसतं. तीन पिना घेऊन यूएसबीत बसणारं कॅप्चर यंत्र मागा, एचडीएमआयचं परत करा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण लोकल चॅनलचं मूळ चित्रही साधंच असतं, फारसा फरक कळणार नाही. यंत्र कॉम्प्युटरच्या थेट यूएसबीत घाला. चार तोंडांच्या हबमध्ये माउस आणि प्रिंटरच्या शेजारी खुपसलं तर चित्र अडखळतं, कारण कच्चं चित्र सेकंदाला २० एमबीच्या आसपास येत असतं.

ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घ्या. त्यात यंत्र निवडलं की चित्राची पद्धत विचारतात. तिथं पाल निवडा. आपल्याकडच्या बॉक्सच्या पिवळ्या पिनेतून निघणारं चित्र पाल पद्धतीचं, ५७६ रेघांचं असतं. यंत्र कधी कधी आपणहून एनटीएससी ही अमेरिकेकडची पद्धत धरून बसतं. मग चित्र करडं दिसतं किंवा वर-वर सरकत राहतं, आणि माणसाला वाटतं वायर खराब. आकार ७२० बाय ५७६ ठेवा. हात हलला की कडांना फणीसारख्या रेघा दिसतील, त्यासाठी डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ निवडा. पखवाजावर बोटं फिरताना हे फार जाणवतं, म्हणून विसरू नका.

आवाजाचं वेगळं बघावं लागतं. पुष्कळदा चित्र येतं आणि आवाज कॉम्प्युटरच्या माइकचा भरला जातो, म्हणजे भजनाच्या जागी तुमच्या घरातली भांडी ऐकू येतात. आवाजाच्या यादीतही कॅप्चर यंत्रच निवडा. थाप पडेल तेव्हा आवाजाची पट्टी लाल भागात टेकता कामा नये. फाटलेला आवाज नंतर कशानंही जुळत नाही. बॉक्सच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त केला की रेकॉर्डिंगमध्येही बऱ्याचदा तसाच उतरतो. एकदा ठरवा आणि रिमोट फडताळात ठेवून द्या. मधेच कुणी चॅनल बदलला तर रेकॉर्डिंगमध्येही तोच चॅनल येणार, कारण एक बॉक्स एका वेळी एकच चॅनल सोडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात करा, साध्या एमपी४ मध्ये नको. हे मी पोळून शिकलोय. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत माझा धाकटा भाऊ लेझीम खेळत होता. लोकल चॅनलवर ती चालू होती आणि मी घरी रेकॉर्ड करत होतो. पाऊण तास झाला आणि लाईट गेली. फाइल शेकडो एमबींची दिसत होती, पण उघडेना. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते. ती लिहिलीच गेली नाही. दुरुस्तीचे सगळे उपाय केले, काही हाती लागलं नाही. भाऊ आता नाही, आणि ती फाइल मी अजून पुसलेली नाही. एमकेव्हीमध्ये लाईट जाईपर्यंतचं बहुतेक सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स करून, म्हणजे चित्र-आवाजाला हात न लावता फक्त फाइलचा प्रकार बदलून, त्याचं एमपी४ करता येतं, दर्जा तसूभरही घटत नाही. खानापुराकडची लाईट मला ठाऊक आहे, तेव्हा बॉक्स आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते माप, ४,००० केबीपीएस ठेवला तर तासाला साधारण १.८ जीबी लागेल. भजन अडीच तासांचं असेल तर ४.५ जीबी. मग पेनड्राइव्हवर जागा असूनही फाइल बसत नाही म्हणून घाबराल. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

शुक्रवारी रात्री दहा मिनिटं कुठलाही चॅनल रेकॉर्ड करून बघा, आणि आवाज मामंजींनाच ऐकवा. थाप बरोबर वाजते की नाही ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? कायद्याची धास्ती नको. स्वतःच्या घरी पाहण्यासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये मुभा आहे. विकणं, वाटणं मात्र त्यात येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालचं टीव्ही ट्यूनर कार्ड आहे. पूर्वी केबलची वायर थेट लावून कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचो. आता काहीच दिसत नाही. पॅकमध्ये कानडी चॅनल भरपूर, मराठी वेगळे मागावे लागतात. निदान सह्याद्री कॉम्प्युटरवर आणता येईल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : काका, कार्ड बिघडलेलं नसावं. ते ॲनालॉग केबलसाठीचं आहे, आणि ती केबल २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद झाली. कार्डावर पिवळ्या पिनेची जागा असेल तर वर ताईंना सांगितलेल्या वाटेनं ते अजून वापरता येईल. मात्र नव्या विंडोजला जुनं कार्ड बहुधा चालत नाही, लिनक्सवर चालण्याची शक्यता जास्त.

सह्याद्रीसाठी बॉक्सच नको. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. डिशची वायर डीव्हीबी-एस२ ट्यूनरला, म्हणजे उपग्रहाचे चॅनल कॉम्प्युटरवर आणणाऱ्या यंत्राला, लावली की सह्याद्री थेट कॉम्प्युटरवर येतं. इथं चित्र पुन्हा दाबलं जात नाही, उपग्रहाकडून येतं तसंच फाइलमध्ये उतरतं. एका लहरीवरचे दोन-तीन चॅनल एकदम रेकॉर्डही करता येतात. बॉक्सला हे जमत नाही.

डिश जीसॅट-१५ या उपग्रहाकडे लावायची, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून ती दिशा आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर पडते, त्या बाजूला माड किंवा आंबा आडवा येतो का बघून घ्या. आषाढात धो-धो पाऊस लागला की चित्राचे चौकोन होऊन ते थांबेल. ढगांतलं पाणीच लहर शोषून घेतं, त्याला इलाज नाही. पण पाऊस थांबल्यावरही चित्र येत नसेल तर डिशच्या तोंडाशी वायरच्या जोडात पाणी शिरलंय असं समजा. जोड उघडून कोरडा करा, वरून रबर टेप गुंडाळा आणि वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी जोडाकडे न जाता तिथूनच गळेल.