एक्सचेंज हाकेच्या अंतरावर, मग स्पीड अडतो कुठे?

फायबरच्या जमान्यात टेलिफोनच्या तारेवरच्या नेटबद्दल कोण विचारणार, असं मला वाटत होतं. पण मुंबईत अजून काही घरांत तीच तांब्याच्या दोन तारांची जोडी नेट आणते, आणि पाऊस लागला की माझ्याकडे पत्रं वाढतात. त्यातली ही काही.

गिरगावातून एक वाचक: आमच्या चाळीपासून एक्सचेंज चालत दहा मिनिटांवर आहे. प्लॅन ८ एमबीपीएसचा, पण मोडेम ४च्या वर सरकत नाही. लाइनमन म्हणतो, ‘तुमचं अंतर जास्त आहे.’ आम्हाला बनवतोय का? मोडेमच्या पानावर ‘लाइन अटेन्युएशन ५२’ दिसतं.

बनवत नसावा. तुम्ही चालत जाता तो रस्ता तारेचा नसतो. एक्सचेंजच्या मोठ्या फ्रेमवरून निघालेली जोडी जाड केबलमधून रस्त्यावरच्या पिलरमध्ये येते, तिथून चाळीच्या भिंतीवरच्या डीपी बॉक्सात (जिथून घरोघरच्या तारा फुटतात तो डबा), आणि तिथून ड्रॉप वायरने तुमच्या खोलीत. केबल ज्या काळी जिथून टाकता आली तिथून टाकली, त्यामुळे वळसे पुष्कळ. कधी कधी तर जवळच्या एक्सचेंजचा त्या नंबराशी काही संबंधच नसतो, लाइन दुसरीकडूनच येत असते.

अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती झिजला ते. ५२ डेसिबल हा आकडा बारीक तारेवर ढोबळमानाने तीन-साडेतीन किलोमीटरचा आहे, आणि तेवढ्यावर एडीएसएलला, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नेट आणणाऱ्या तंत्राला, ४ एमबीपीएस मिळणं स्वाभाविकच. तारेवरचं बोलणं ३४०० हर्ट्झच्या आत उरकतं, म्हणून ते लांबवर पोचतं. नेटचा सिग्नल मात्र एडीएसएलमध्ये ११०० किलोहर्ट्झपर्यंत आणि त्याच्याच पुढच्या आवृत्तीत, एडीएसएल टू प्लसमध्ये, २२०० किलोहर्ट्झपर्यंत चढतो. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितकी झीज जास्त. एडीएसएल टू प्लसच्या जाहिरातीतले २४ एमबीपीएस खरेच आहेत, पण ते एक्सचेंजच्या शेजारी राहणाऱ्याला.

तरीही लाइनमनचं म्हणणं लगेच मान्य करू नका. घरातले सगळे फोन, एक्स्टेंशन, गॅलरीतून काकांच्या खोलीत गेलेली जुनी पॅरलल वायर, सगळं काढा. तार घरात शिरते त्या पहिल्याच बॉक्सला हातभर केबलने मोडेम लावा आणि आकडा पुन्हा बघा. अटेन्युएशन उतरलं किंवा स्पीड चढला, तर दोष तुमच्याच घरातला. ५२ तसाच राहिला, तर तार खरंच लांब आहे आणि महागडा मोडेम घेऊन काही होणार नाही. तशा वेळी ८चे पैसे भरण्यापेक्षा ४चा प्लॅन मागा.

परळहून एक वाचक: पावसाळ्यात फोनवर खरखर येते, नेट तुटत राहतं. गेल्या आठवड्यात तर फोन पूर्ण मेला, पण नेट हळूहळू का होईना चालू होतं. कंपनीत तक्रार केली तर म्हणाले, ‘नेट चालू आहे म्हणजे लाइन ओके आहे.’ हे कसं शक्य आहे?

हा माझा आवडता फॉल्ट. जोडीतली एक तार तुटलेली असते, तरी नेट चालतं! फोनला एक्सचेंजमधले ४८ व्होल्ट लागतात, आणि ती वीज एका तारेने येऊन दुसरीने परत गेली पाहिजे. एक तार तुटली की फेरा मोडला, फोन गप्प. नेटचा सिग्नल उच्च फ्रिक्वेन्सीचा असल्यामुळे तो तुटलेल्या टोकांवरून आणि शेजारच्या तारांमधून उडी मारून थोडाफार पलीकडे पोचतो. मोडेम मरतुकड्या स्पीडवर का होईना, लाइन धरून ठेवतो. तेव्हा ‘नेट चालू म्हणजे लाइन ओके’ हे ऐकून घेऊ नका. ‘दोन्ही तारा वेगवेगळ्या टेस्ट करा, एक कट आहे’ असं शब्दशः सांगा.

खरखरीचं कारण बहुतेक वेळा जॉइंट. एकदा मी माझ्याच घराबाहेरचा डीपी बॉक्स उघडवून बघितला होता. झाकणाला रबर नाही, आत झुरळांचा संसार, आणि हाताने पिळून सोडलेल्या तारांवर हिरवा कळंक. दही पितळेच्या भांड्यात कळकतं, तशी ती टोकं कळकली होती. असा जॉइंट धड जोडलेला नसतो आणि धड सुटलेलाही नसतो. त्यात ओल शिरली की दोन तारांमधलं इन्शुलेशन उतरतं आणि नेट गडगडतं. दुपारी ऊन पडलं की सगळं ठीक! लाइनमन नेमका दुपारीच येतो, हे वेगळं सांगायला नको.

एक घरगुती परीक्षा करा. फोन उचलून धरल्यावर नेट सुधारत असेल, तर कळकलेल्या जॉइंटचा संशय पक्का धरा. रिसीव्हर उचलला की तारेतून वीज वाहू लागते, कळंकाचा पापुद्रा तात्पुरता फुटतो आणि संपर्क सुधारतो. तक्रारीत हेही लिहा. समोरचा जाणकार असेल तर त्याला पुढचं कळेल.

घाटकोपरहून एक वाचक: फोनची घंटी वाजली की नेट जातं.

फिल्टर, म्हणजे फोनचा आणि नेटचा सिग्नल वेगळा ठेवणारी छोटी डबी. फोन जिथे जिथे लावलाय, तिथे प्रत्येक ठिकाणी हवा. फॅक्स आणि इंटरकॉमच्या डब्यालासुद्धा. घंटीसाठी तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी सोडलेला असतो, त्या धक्क्यात मोडेमची पकड सुटते. फिल्टर असूनही जात असेल तर तो बदलून बघा, स्वस्त वस्तू आहे. त्यानेही भागलं नाही, तर वरचं परळचं उत्तर वाचा.

मालाडहून एक वाचक: माझ्या मोडेममध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर किती बिट जातात त्याचा आलेख दिसतो. त्यात १२९-१३० आणि २४२ या ठिकाणी कायम खड्डे आहेत. मोडेम खराब आहे का?

मोडेम उत्तम आहे, तुम्ही रेडिओच्या शेजारी राहता. एडीएसएल आपला पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या बारीक बारीक कप्प्यांत कापतं आणि प्रत्येक कप्प्याला तो पेलेल तेवढाच माल देतं. हे तंत्र टेलिफोनच्या तारेवर आणण्याचं मोठं श्रेय स्टॅनफर्डच्या जॉन सिऑफी यांचं. आता गुणाकार करा. १२९ आणि १३० हे कप्पे ५५६ आणि ५६० किलोहर्ट्झवर येतात, त्यांच्या बरोबर मधोमध ५५८, म्हणजे आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. २४२चा कप्पा येतो १०४४वर, तेही आकाशवाणीचं मुंबई केंद्र. मीडियम वेव्हचे हे ट्रान्समीटर तुमच्याच मालवणीत. खांबावरून घरापर्यंत हवेत लोंबणारी ड्रॉप वायर पिळाची नसेल तर ती चक्क एरियलचं काम करते.

मोडेम चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो, तेव्हा तो हीच मोजणी करत असतो. जिथे गोंगाट दिसला तो कप्पा रिकामा सोडायचा. नुकसान किती? एका कप्प्यात जास्तीत जास्त १५ बिट, सेकंदाला ४००० वेळा, म्हणजे फार तर ६० केबीपीएस. सात-आठ कप्पे गेले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आतच. ड्रॉप वायर बदलायची झालीच तर पिळाची मागा, पण एवढ्यासाठी मुद्दाम खर्च मी करणार नाही. तुमचा आलेख मात्र मी जपून ठेवलाय. तारेत उमटलेली आकाशवाणी रोज बघायला मिळत नाही.

मुलुंडहून एक वाचक: ८ एमबीपीएस असूनही फाइल सेकंदाला ९०० केबीच्या पुढे उतरत नाही.

कंपनी बिटमध्ये मोजते, तुमचा कॉम्प्युटर बाइटमध्ये. ८ला ८ने भागा, राहिला १ एमबी. त्यातही एडीएसएलवर डेटा ५३ बाइटच्या पाकिटांतून येतो, आणि त्यातले ५ बाइट नुसता पत्ता लिहिण्यात जातात. ९०० केबी म्हणजे पुरेपूर मिळतंय.

विलेपार्ल्याहून एका सोसायटीचे सेक्रेटरी: आमची सात मजली जुनी इमारत. घरोघरी फायबर न्यायला भिंती फोडाव्या लागतील म्हणून सभासद तयार नाहीत. एक ठेकेदार म्हणतो, फायबर मीटर रूमपर्यंत आणू आणि वर टेलिफोनच्या जुन्याच तारांवरून १०० एमबीपीएस देऊ. शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ठेकेदार हवेत बोलत नाही. तांब्याला नडतं ते अंतर. मीटर रूमपासून सातवा मजला म्हणजे पन्नास-साठ मीटर. व्हीडीएसएल टू हा एडीएसएलचा कमी अंतरासाठीचा वेगवान भाऊ १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि एवढ्या अंतरावर १०० एमबीपीएस खेचतो. त्याच्या पुढचं जी-फास्ट १०६ मेगाहर्ट्झपर्यंत चढतं आणि काही शे एमबीपीएस देतं.

अडचणी दोन. एकाच केबलमधल्या जोड्या एकमेकींची बोलणी ऐकतात. दोघांनी नेट घेतलं तेव्हा छान चालतं, पंधराव्याने घेतलं की सगळ्यांचं मंदावतं. यावर व्हेक्टरिंग हा उपाय आहे: मीटर रूममधलं यंत्र प्रत्येक जोडीवरचा हा त्रास मोजून उलटा सिग्नल सोडतं. पण त्यासाठी केबलमधल्या नेटच्या सगळ्या जोड्या त्या एकाच यंत्रावर हव्यात. उद्या दुसऱ्या कंपनीने त्याच केबलवर चार जोड्या चालवल्या की गणित बिघडलं. तेव्हा ‘व्हेक्टरिंग आहे का?’ हा प्रश्न लेखी विचारा. दुसरी अडचण, त्या यंत्राला वीज लागते. इमारतीचे दिवे गेले की घरात इन्व्हर्टर असला तरी नेट बंद. ते यंत्र बॅटरीवर कोण ठेवणार, आणि त्याचं बिल सोसायटीच्या मीटरवर येणार का?

मला विचाराल तर जिन्याच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी लावून फायबर वर न्या, भिंती फोडायची गरज सहसा पडत नाही. सभासद त्यालाही तयार नसतील तर तांबं चालेल, पण करारावर सही करण्याआधी एक काम करा. मीटर रूममधला टेलिफोनचा बॉक्स उघडून, किती जोड्या सातव्या मजल्यापर्यंत सलग पोचतात ते टेस्ट करून घ्या. पॅरलल फोनसाठी मध्येच काढलेले फाटे दिसतील तिथे तोडायला सांगा. पंधरा-वीस मीटरचा मोकळा फाटा एडीएसएलला जाणवतही नाही, व्हीडीएसएलचा मात्र अडीच-तीन मेगाहर्ट्झच्या आसपासचा लचका तोडतो. धड जोड्यांचा आकडा हाती आला की कळवा, मग ठेकेदाराचं कोटेशन बघू.