नऊ दिवसांचा वायदा

(गेल्या अंकात ऐतिहासिक हेरकथांबद्दल लिहायला सांगितलं होतं. आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. मी साताऱ्यात 31 वर्षं भाड्याने पुस्तकं देणारं वाचनालय चालवलं. उत्तरं त्या अनुभवातूनच आली आहेत, विद्वत्तेतून नाही.)

प्रश्न : माझं वय 58. पेशवाईतली कारस्थानं, जासूद, फितुरी असल्या कादंबऱ्या मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते. मुलगा म्हणतो, "आई, शेवट शाळेतच शिकवला होता की! आता त्यात काय उरलंय?" त्याला काय सांगू? (मिरज)

ताई, आधी माझ्या वाचनालयातली एक गंमत ऐका. रहस्यकथांच्या पुस्तकांना एक रोग लागलेला असायचा. आधीचा वाचक दहाव्या-अकराव्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा, "खुनी = डॉक्टर". खोडरबर घेऊन मी किती संध्याकाळी घालवल्या याचा हिशेब नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांना मात्र हा रोग कधी झाला नाही. पानिपतावर कोण हरलं हे लिहून कुणाचा काय विरस होणार? तरी त्याच कादंबऱ्या तीन-तीन आठवडे परत यायच्या नाहीत.

उरलेलं काय असतं, तर बातमीचा प्रवास. पानिपतचंच घ्या. लढाई 14 जानेवारी 1761 ची. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. डिसेंबरात त्यांनी पैठणला दुसरं लग्न केलं होतं. भाऊंची खबर येईना. आणि मग छावणीत एक कासीद, म्हणजे पत्रं नेणारा माणूस, सापडला. तो सरकारी नव्हता, सावकारांचा होता. ग्रँट डफने 1826 च्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात हे दिलं आहे : पानिपतच्या वेढ्यातल्या सावकारांनी औरंगाबादच्या आपल्या पेढीला लिहिलेलं पत्र त्याच्याजवळ होतं आणि नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचा त्याचा करार होता. (डफचं खरं धरलं तर रोजचे शंभरावर किलोमीटर होतात. एकट्या माणसाच्या पायांनी हे कसं निभावलं असेल, मला अजून कळत नाही.) पेशव्यांनी ते पत्र फोडलं. आत पेढीची भाषा : दोन मोत्ये गळाली, 27 मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही.

एक मोती विश्वासराव, त्यांचा मुलगा. दुसरा सदाशिवरावभाऊ, त्यांचा चुलतभाऊ. हे कळायला नानासाहेबांना दुसऱ्या कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. पाच महिन्यांनी, जूनमध्ये, ते पर्वतीवर वारले.

आता बघा, तुम्हाला 14 जानेवारीला काय झालं ते ठाऊक आहे. पण ज्याला सर्वांत आधी कळायला हवं होतं, त्याला ठाऊक नाही. त्याच्या आधी ते एका सावकाराला ठाऊक आहे, कारण त्याला हुंड्या सांभाळायच्या आहेत. रात्री दोनला तुम्ही जागता ते ह्यासाठी. कोण जिंकलं हे तुम्ही शोधत नसताच. कुणाला, केव्हा, कुणाकडून कळलं, हे बघत असता. आणि तुम्हाला कळलेलं त्या पात्राला ओरडून सांगता येत नाही म्हणून उशी घट्ट धरता. मुलाला म्हणावं, शाळेत ते पत्र शिकवलं होतं, कासीद नव्हता शिकवला.

प्रश्न : बहिर्जी नाईकांबद्दल आठ पुस्तकं वाचली. प्रत्येकात वेषांतरं वेगळी, कामगिऱ्या वेगळ्या. खरं किती? (इचलकरंजी)

फार थोडं. सभासदाची बखर 1697 ची आहे, म्हणजे शिवाजी महाराजांनंतर सतरा वर्षांनी लिहिलेली. तीत सुरतेच्या प्रकरणात बहिर्जींचं नाव येतं : जासुदाने बातमी आणली की सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल. जानेवारी 1664 ची स्वारी तीच. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. फकीर, गोंधळी, वासुदेव ही सोंगं कादंबरीकारांनी चढवली आहेत.

यात मला वावगं काही दिसत नाही. चांगल्या हेराचं काम कागदावर राहत नाही, राहिलं तर तो चांगला हेर नव्हे. लेखकाला तेवढी मोकळी जागा मिळते. माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या कादंबऱ्यांत हेर पकडला जाता-जाता नेहमी सुटतो आणि सुटताना एक लांबलचक भाषण करतो. ज्याचं अन्न गप्प राहण्यावर अवलंबून आहे त्याला एवढं बोलायला लावतात कसं?

प्रश्न : 'ध चा मा' प्रकरण खरं की कादंबरीकारांची करामत? माझी पुतणी परदेशात असते, ती म्हणते इंग्लंडच्या इतिहासातही असंच काहीसं आहे. (पिंपरी)

पुतणी बरोबर सांगते, पण फरक आहे, आणि त्या फरकातच सगळी मजा आहे.

आपल्याकडचं : 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा. गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांनी 'धरावे' लिहिलं होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मी नोकरी नसल्याच्या काळात दोन हिवाळे मोडीच्या वर्गाला जात होते. घरी येऊन एकदा बोरूने 'धरावे' लिहिलं आणि त्याचं 'मारावे' करायचा प्रयत्न केला. अक्षर बदलायचं आणि वर काना चिकटवायचा. पहिल्यांदा शाई पसरली, दुसऱ्यांदा काना पुढच्या 'र'वर चढला. तिसऱ्या खेपेला जमलं, पण कुणीही बघताक्षणी म्हणालं असतं, "इथे काहीतरी केलंय." अर्थात आनंदीबाईंचा हात माझ्याहून सुबक असेल. प्रश्न असा की तो मूळ कागद आज कुणाच्याच हाती नाही. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे आपण जाणतो. त्या एका अक्षराचा साक्षीदार मात्र आपली भाषाच. आजही कारकुनाने आकडा फिरवला की आपण "ध चा मा केला" म्हणतो.

इंग्लंडचं : 1586. स्कॉटलंडची राणी मेरी चार्टली इथे कैदेत. तिची गुप्त पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवून आत-बाहेर जात. तिला वाटायचं हा मार्ग तिच्या माणसांनी काढला. काढला होता एलिझाबेथ राणीच्या मंत्र्याने, वॉल्सिंगहॅमने. पत्रं पोचवायचं जुळवणारा गिफर्ड त्याचाच दुहेरी माणूस. प्रत्येक पत्र फेलिप्स नावाचा सांकेतिक लिपी उकलणारा आधी वाचायचा. बॅबिंग्टन या तरुणाने एलिझाबेथला मारायचा बेत मेरीला कळवला, तिने जुलैत उत्तर दिलं. फेलिप्सने त्या उत्तराच्या नकलेवर चक्क फाशीचा खांब काढून वर पाठवली! आणि मूळ पत्राला मेरीच्याच सांकेतिक अक्षरांत एक ताजा कलम जोडला : हा बेत तडीस नेणारे ते सहा गृहस्थ कोण, त्यांची नावं कळवा.

म्हणजे इंग्लंडातही खाडाखोड झाली, पण तिचा कागद लंडनच्या दप्तरखान्यात आहे. बॅबिंग्टनने नावं काही कळवली नाहीत, तो पळाला आणि सापडला. फेब्रुवारी 1587 मध्ये मेरीचा शिरच्छेद झाला.

पुतणीला विचारा, दोनांपैकी कादंबरी कशावर चांगली होईल? माझं मत आपल्याकडच्या बाजूने. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला आहे. आपला झालेला नाही, आणि घरातल्या बाईवर ढकलून सगळे पुरुष मोकळे झाले. लेखकाने तिथे हात घालावा.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. नाना फडणवीसांच्या हेरखात्यावर कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करू? (सोलापूर)

नानांपासून करू नका. सगळं ठाऊक असलेला माणूस नायक केला की वाचकाला करायला काही उरत नाही.

शब्दांपासून करा. जुन्या पत्रांत 'राजकारण' म्हणजे आजचं निवडणुकीचं नव्हे. किल्ल्यात राजकारण लावलं, म्हणजे आतला माणूस फोडला. 'मसलत' म्हणजे सल्लाही आणि बेतही. 'जासूद' म्हणजे निरोप नेणाराही आणि टेहळणी करणाराही, आणि तो जोडीने जायचा. पत्रांत 'जासूद जोडी' वारंवार भेटते. बघा, दोन माणसं, एक लाखोटा. रस्त्यात एकाचा पाय मुरगळला तर दुसरा काय करील? एकाला पत्रातला मजकूर कळला आणि दुसऱ्याला नाही, तर? मला तर इथेच तीन प्रकरणं दिसतात.

काळ हवा असेल तर 1786 नंतरचा घ्या. चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, म्हणून पुण्यात आला आणि संगमावर राहिला. त्याच्या मुदपाकखान्यात भाजी पोचवणारा माणूस घ्या. तो मोजतो फक्त किती जणांचा स्वयंपाक झाला. त्याला इंग्रजी येत नाही, राजकारणही कळत नाही. पण बंगल्यावर आज पाहुणे किती, हे संध्याकाळी वाड्यात कुणालातरी सांगायचं असतं. एवढंच. आणि एक दिवस आकडा चुकतो.

पहिलं प्रकरण झालं की पाठवा. लाखोटा करू नका, मला फोडायचा कंटाळा येतो. साधं पाकीट चालेल.