चहाच्या कवितांचा संग्रह लावताना

पणजी, गोवा

चि. कवयित्री हिस अनेक आशीर्वाद.

तुझं बाड मिळालं. ७२ कविता, सगळ्या चहावरच्या. आधी त्या कमी करू. प्रत्येक कवितेत 'चहा' खोडून तिथे 'कॉफी' लिहून बघ. काहीच बिघडलं नाही, तर ती कविता पावसाची असेल, विरहाची असेल, चांगलीही असेल, पण चहाची नव्हे. तिला दुसऱ्या वहीत ठेव. या चाळणीतून ४८ उरल्या तरी पुष्कळ झालं.

मग शब्द मोज. फाइलमध्ये वाफ, उकळी, वेलची, आठवण, घोट हे शब्द एकेक करून शोध. 'वाफ' ३१ वेळा आली आहे. अख्ख्या संग्रहाला पाच-सहा वेळा पुरे, आणि कवितेचा शेवट तर वाफेवर नकोच. एका विषयाचा संग्रह फसतो तो इथेच. सुटी कविता वाचताना जी प्रतिमा ताजी वाटते, ती दहाव्या पानावर पुन्हा भेटली की दुसऱ्यांदा तापवलेल्या चहासारखी लागते. 'सुशेगाद', म्हणजे गोव्याचा तो निवांतपणा, तर एकदाही नको. तो शब्द आता पर्यटन खात्याचा झाला आहे.

गोव्यात चहाचा मळा नाही. तुझ्या मळ्यांवरच्या सात कविता चित्रं बघून लिहिल्यासारख्या वाटतात, त्या काढ. आपल्याकडे चहा पाहुणा आहे, पण पाव घरचा. पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंपू वाजवत येतो आणि दारातली चहाची वेळ त्याच्यावर ठरते. कडक उंडो पाव बुडवला तर किती वेळात फुटतो, कोंड्याची पोय का टिकते, पातळ भाजीचा तिखटपणा जिभेवर असताना गोड चहा कसा लागतो, हे तुला पाठ आहे. ते लिही. चोडण बेटाची फेरीबोट हुकल्यावरची वीस मिनिटं लिही. खाणपट्ट्यातले चहाचे गाडे लिही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले आणि रस्त्याकाठी उकळणारी पातेलीही थंडावली. यावर तुझी एकच कविता आहे, आणि ती बाडातली सर्वांत चांगली आहे. तिच्याभोवती आणखी चार यायला हव्यात.

तपशील चुकला तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो. तुझ्या कवितेतली पणजी १८९० साली दाणेदार पत्ती उकळते. ती सीटीसी पत्ती निघाली १९३० च्या दशकात, आसामात. पान यंत्रात चिरडून, फाडून, वळून तिचे दाणे करतात, म्हणून रंग आणि कडकपणा झटपट उतरतो. त्याआधीची पत्ती पानाची. तेव्हा एक तर पणजीला आजी कर, नाही तर पत्ती बदल. दुसरी एक ओळ: 'दुधाने कडूपणा वाढला'. उलट आहे. दुधातलं प्रथिन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, तुरटपणा कमी होतो. कडूपणा वाढतो तो पत्ती जास्त वेळ उकळत राहिल्याने. मुद्दाम उलटं लिहायचं असेल तर ते मुद्दाम आहे हे कळू दे.

पोर्तुगीज 'शा' आणि इंग्रजी 'टी' ही दोन्ही नावं चीनचीच, बंदरं वेगळी. पहिलं मकावकडून आलं, दुसरं फुजियानच्या किनाऱ्यावरून डचांमार्फत. यावर कविता होईल. १६६२ चं ब्रागांझाच्या कॅथरीनचं लग्न, आंदणात मुंबई आणि इंग्रज दरबारात चहा, हे मात्र सोड. चहाचा इतिहास उघडला की ते सगळ्यांनाच पहिल्या पानावर सापडतं.

आता क्रम. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन भाग केले आहेस. ते मोड. त्यात वाचकाला पुढचं आधीच दिसतं. तांग काळातल्या लू थोंग या चिनी कवीने सात वाट्यांची कविता लिहिली. पहिल्या वाटीने ओठ आणि घसा ओला होतो, दुसरीने एकटेपणा मोडतो, चौथीने हलका घाम येतो, आणि सातवी प्यायचीच नाही, कारण काखेतून वारा वाहू लागतो. तिथे वाटीगणिक पिणारा बदलतो, घड्याळ नव्हे. तसं बदलत जाणारं काहीतरी शोध: पाजणारा हात, उधारी, भांडं. एकेका कागदावर एक कविता छाप, खोलीभर पसर, आणि प्रत्येकीची फक्त पहिली व शेवटची ओळ वाचत चाल. शेजारच्या दोन कवितांचा शेवट एकाच सुरात असेल तर एकीला उचलून लांब ठेव.

सगळंच मुक्तछंदात आहे. कान थकतो. पाच-सहा कविता मोठ्या अभंगात करून बघ. पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. नमुन्यापुरतं:

उकळले पाणी / पत्ती मारी बुडी /
साखरेची पुडी / उघडेना

जोडाक्षर एकच मोजायचं. 'पत्ती' दोन अक्षरं.

कोंकणी शब्दांना पानाखाली टिपा देऊ नकोस, कविता अडखळते. शेवटी पंधरा शब्दांची यादी पुरते.

छपाई: डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. १६ पानांचा फॉर्म धरून ८० पानांचे पाच फॉर्म. सुरुवातीची आठ पानं नाव, हक्क, अर्पण, अनुक्रम यांत जातात. उरलेल्या ७२ पानांत ४८ कविता निवांत बसतात, वीसेक दोन पानी असल्या तरी. दोन पानी कविता डाव्या पानावरच सुरू कर, मध्येच पान उलटायला लावू नकोस. १२ पॉइंट अक्षर आणि ओळींमध्ये १८ पॉइंट अंतर ठेवलं तर शीर्षकाखाली साधारण २४ ओळी मावतात. लांब ओळ मोडून खाली येते आणि वाचकाला ती नवी ओळ वाटते. अशा ओळी आत्ताच शोधून तूच मोड, अक्षरजुळणीकारावर सोपवू नकोस.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या फाइलीत 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यातला ऱ्या आणि रफार हमखास बिघडतो. तेवढेच शब्द घेऊन एक वेगळं मुद्रितशोधन कर.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम), नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. जून ते सप्टेंबर छापू नकोस. आपल्याकडच्या दमटपणात कागद पाणी ओढतो, आणि एका बाजूला लॅमिनेशन असलेलं मुखपृष्ठ केळीच्या पानासारखं वळतं. पाठकणा जेमतेम चार मिलिमीटर असेल, त्यावर नाव छोटं ठेव. मुखपृष्ठावर कपाचा तपकिरी गोल डाग? नको.

प्रकाशक तूच होणार असशील तर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज कर. फी नसते, पण छपाईच्या बऱ्याच आधी कर. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला ३० दिवसांत प्रत पाठवावी लागते, आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही. एक प्रत इथे पणजीत, पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातही दे.

पुढची खेप कागदावर पाठव, एका बाजूला छापलेली, डावीकडे दोन इंच समास सोडून. खाणीवरच्या चार नव्या कविता वर ठेव. आधी त्याच वाचीन.