बोट परवडेल, जामीनकी परवडणार नाही

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही नाशिकचे, वय 47. पत्नी शाळेत शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 72 हजार. मुलगी येत्या जूनमध्ये बारावीत जाईल. इंजिनिअरिंगला एकत्र असलेल्या चार मित्रांनी, पास होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून, जोडीने सेशेल्सला, म्हणजे हिंदी महासागरातल्या बेटांच्या देशात, जायचं ठरवलंय. 23 ते 30 डिसेंबर, सात रात्री, चार खोल्यांची 42 फुटी कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट. तुमच्या हिशोबाने जोडप्यामागे खर्च 3 लाख 20 हजार. बुकिंग तुम्ही करावं असा सगळ्यांचा आग्रह आहे, कारण तुमच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा सगळ्यांत जास्त, म्हणजे 6 लाख. तुम्ही विचारलंय की पैसे पर्सनल लोन काढून उभे करावेत, की मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या 6 लाख 40 हजारांतून घ्यावेत.

दोन्हींतून नको. पण म्हणून जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षं टिकलेली मैत्री आणि निळ्या पाण्यातला एक आठवडा ही पैसे खर्च करण्याजोगी गोष्ट आहे. माझी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे, तिच्याकडे येतेच. त्याआधी आकडा नीट मांडू, कारण 3 लाख 20 हजार हा सहलीचा पूर्ण आकडा नाही.

तुम्ही बोटीचं भाडं 8,400 युरो धरलंय. युरोला 100 रुपये धरले तर चौघांत वाटून 2 लाख 10 हजार, आणि विमानाचे 1 लाख 10 हजार. पण हे कोटेशन बेअरबोटचं आहे, म्हणजे नुसत्या बोटीचं. ती हाकायला जाणकार माणूस, म्हणजे स्किपर, लागतो. तुमच्या आठ जणांत शिडाच्या बोटीचं प्रमाणपत्र कुणाकडेच नाही, त्यामुळे कंपनी स्किपर घ्यायला लावेल आणि ते योग्यच आहे. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर स्किपरचे दिवसाला 210 युरो आणि स्वयंपाकीणबाईंचे 180 युरो लिहिलेत. सात दिवसांचे होतात 2,730 युरो, म्हणजे जोडप्यामागे 68 हजारांच्या वर. शिवाय या दोघांचं खाणंपिणं तुमच्याकडे, आणि झोपायला जागाही द्यायची असते. चार खोल्यांत चार जोडपी राहिली तर ते दोघं कुठे झोपणार, हे आत्ताच विचारून घ्या. काही कॅटमरानमध्ये पुढच्या टोकाला एकेका माणसापुरत्या दोन अरुंद जागा असतात, काहींत नसतात.

पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण मुद्दाम सढळ धरलेले नाहीत. दहा माणसांचा किराणा, पाणी, पेयं यांचे 1,600 युरो. सेशेल्समध्ये बरंचसं सामान बाहेरून जहाजाने येतं, त्यामुळे दुकानातले भाव पाहून धक्का बसतो. डिझेल, जनरेटर, सागरी उद्यानांची फी, नांगरण्याचे पैसे आणि शेवटची साफसफाई मिळून 800 युरो. बोटीच्या नुकसानीची जबाबदारी कमी करून घेण्याची फी 400 युरो. विमानाची वेळ आणि बोट ताब्यात मिळण्याची वेळ जुळतेच असं नाही, म्हणून आधी-नंतर सेशेल्सच्या मुख्य बेटावर, माहेवर, दोन रात्री, अंदाजे 30 हजार. विमा 10 हजार. आणि एक खर्च सगळेच विसरतात. परकीय चलनात कार्ड घासलं की बऱ्याच बँका 3.5 टक्के जादा लावतात, त्या रकमेवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 4.13 टक्के. 8 लाख 40 हजारांवर ते जवळपास 34,700 रुपये होतात. मित्रांना वाटणी सांगताना हे तुम्ही धरले नव्हते, म्हणजे ते तुमच्याच खिशातून गेले असते.

सगळं मिळवलं की जोडप्यामागे 5 लाख 7 हजारांच्या आसपास येतं. युरो वर गेला तर आणखी.

आता तुमच्या घराकडे. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून 95 हजार, एसआयपी 30 हजार, मुलीचे क्लास 22 हजार. उरतात 25 हजार. मे ते नोव्हेंबर या सात महिन्यांत 1 लाख 75 हजार साठतील. डिसेंबरात जायचं तर साधारण 3 लाख 30 हजार कमी पडतात. बँकेने तुम्हाला सांगितलेल्या 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी तेवढं कर्ज घेतलंत, तर हप्ता 11,279 रुपये आणि नुसतं व्याज 76 हजार. हा हप्ता मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत चालू राहील. तिच्या फीचा तुम्ही वर्षाला 1 लाख 90 हजारांचा अंदाज दिलाय. चार वर्षांचे 7 लाख 60 हजार झाले, वसतिगृह वेगळं. ठेवलेले 6 लाख 40 हजार त्यालाच पुरत नाहीत. त्यातून एक रुपयाही काढू नका. आणीबाणीचे 3 लाख 20 हजार म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांचा खर्च आहे, त्यांना तर हातच लावायचा नाही.

पण एवढंच असतं तर मी तारीख पुढे ढकला म्हणून पत्र संपवलं असतं. मला खरी भीती वाटली ती पत्रातल्या एका ओळीची. तुमचा एक मित्र म्हणाला, "तू भर रे, मी देतो." त्याच मित्राबद्दल तुम्ही दोन ओळी खाली लिहिलंय की त्याच्या धंद्यातली येणी सहा महिन्यांपासून अडकली आहेत.

बोटीच्या करारावर एकच माणूस सही करतो, आणि कंपनीच्या लेखी तोच ग्राहक. निम्मं भाडं बुकिंगच्या वेळी, उरलेलं साधारण दोन महिने आधी. कुणी माघार घेतली तरी बोटीचं भाडं कमी होत नाही. चार जोडपी असोत की तीन, 8,400 युरो ते 8,400 युरोच. तुमचा वाटा 2 लाख 10 हजार, उरलेले 6 लाख 30 हजार दुसऱ्यांचे, पण देणं तुमच्या नावावर. तुमच्या आणीबाणीच्या निधीच्या जवळपास दुप्पट. एका मित्राचे 2 लाख 10 हजार दोन महिने लांबले आणि ते कार्डावर तसेच राहिले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी महिन्याला 7,350 रुपये व्याज लागतं. ते त्याच्याकडून तुम्ही मागणार आहात का? मला नाही वाटत. पत्रावरून तुम्ही भिडस्त दिसता. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, ते मी पंचवीसेक घरांच्या हिशोबवह्यांत खरं झालेलं पाहिलंय. एका कुटुंबाने आठ जणांच्या परदेश सहलीचे पैसे असेच भरले होते. एका घरात आजारपण आलं, ते आले नाहीत. पैसे मागता येईनात आणि विसरताही येईनात. आज त्या दोन घरांमध्ये दिवाळीचा फराळही जात-येत नाही.

त्यावर अनामत रक्कम. तुमच्या कोटेशनमध्ये ती 5,000 युरो आहे, बोट ताब्यात देताना कार्डावर अडकवून ठेवतात आणि बोट धड परत आली की सोडतात. तुमची मर्यादा 6 लाख. त्या दिवशी कार्डावर आधीचे 1 लाखाहून जास्त बाकी असतील तर बंदरावरच कार्ड नाकारलं जाईल. आणि सोबतची डिंगी, म्हणजे छोटी होडी, खडकाला घासली, बोटीचा पाण्याखालचा पंखा तुटला, तर चूक कुणाचीही असो, पैसे तुमच्या कार्डातून जातील. नुकसानीची जबाबदारी कमी करणारी फी भरली तर ही अनामत बरीच खाली येते, म्हणून ती मी वरच्या हिशोबात धरली.

कराचंही तसंच. एजंटाकडून आठ जणांचं पॅकेज तुमच्या एकट्याच्या पॅनवर घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, तुमच्या नावावर कापला जाईल. याचे दर आणि मर्यादा ऑक्टोबर 2023 पासून वरचेवर बदलत आल्यात, त्यामुळे पैसे भरायच्या आठवड्यात लागू असलेला दर विचारा. टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. पण तिघांनी दिलेले पैसे तुमच्या करखात्यात जमा होणार आणि पुढच्या वर्षी परतावा आल्यावर कुणाचे किती हे तुम्ही वाटत बसणार. मैत्रीत आणखी एक हिशोब कशाला वाढवायचा?

यावर एक सरळ उपाय आहे. सेशेल्समध्ये खोलीवारही कॅटमरान मिळते. पूर्ण बोट भाड्याने घेण्याऐवजी प्रत्येक जोडपं आपली खोली थेट कंपनीकडून आपल्या नावावर, आपल्या कार्डाने घेतं. स्किपर आणि जेवण बहुतेक वेळा त्यातच असतं, बोटीची अनामत भरावी लागत नाही, आणि कुणी गळालं तर नुकसान त्याच्यापुरतं राहतं. चारही जोडप्यांनी चार खोल्यांच्या बोटीवर एकाच आठवड्याच्या खोल्या घेतल्या तर बोट तशीही तुमचीच. मार्ग ठरलेला असतो, मनात आलं म्हणून एखाद्या खाडीत दोन दिवस थांबता येत नाही. एवढी मुभा मी तुमच्या जागी असते तर आनंदाने सोडली असती.

मित्रांना पूर्ण बोटच हवी असेल, तर माझी अट एवढीच की प्रत्येकाचा पूर्ण वाटा, अधिक दहा टक्के, हप्त्याच्या मुदतीआधी आठ दिवस तुमच्या खात्यात आला पाहिजे. नाही आला तर बुकिंग होणार नाही. हे व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाका. माघार घेणाऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्यातच लिहा. पुण्यात टीटीएमएम म्हणतात, तू तुझे मी माझे. यात कुणाचा अपमान होत नाही.

आता तारखेबद्दल. डिसेंबर निवडायचं कारण सुट्टी, हे कळतं. पण माहेवर डिसेंबर-जानेवारी हे सगळ्यांत जास्त पावसाचे महिने, वाऱ्याची दिशा वायव्येची, आणि नाताळच्या आठवड्यात बोटीचं भाडं चढंच असतं. शिवाय तुमच्या मुलीची बोर्डाची परीक्षा त्यानंतर दोन महिन्यांवर. मे ते सप्टेंबर आग्नेयेचे व्यापारी वारे जोरात असतात, माहे आणि प्रालँ या बेटांमधला 45 किलोमीटरचा पट्टा तेव्हा चांगलाच हलवतो. एप्रिल आणि ऑक्टोबर हे वारा फिरण्याचे महिने, समुद्र तुलनेने शांत. म्हणून पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर बघा. तोवर मुलीचा प्रवेश झालेला असेल, पहिल्या वर्षाची फी भरून झाली असेल. मेपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत 17 महिने, दरमहा 25 हजार, म्हणजे 4 लाख 25 हजार. पुढच्या एप्रिलचा 1 लाख 20 हजारांचा बोनस त्यात घाला, झाले 5 लाख 45 हजार. कर्ज नाही, एसआयपी चालू, मुलीचे पैसे जागच्या जागी. हे पैसे आवर्ती ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या आणि लगेच पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवा, शेअर बाजारात नको. मार्चनंतर क्लासचे 22 हजार सुटतील, ते मात्र वसतिगृहासाठी राखायचे.

आणखी एक गोष्ट. पैशांबद्दल विचारलंय तरी सांगते, कारण शेवटी तीही पैशांचीच आहे. तुम्ही ओघात लिहिलंय की पत्नीला कसारा घाटातही गाडी लागते आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवा, मला चालेल." दोन सांगाड्यांची असल्याने कॅटमरान एका बाजूला कलत नाही हे खरं, पण लाटेवर ती आदळते, हिसके देते. सात दिवसांतले चार दिवस त्या खोलीत पडून असतील तर हे पाच लाख कुणासाठी? एखाद्या रविवारी दोघं मुंबईला जा आणि गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरानने जाऊन या. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून मे संपायच्या आत. गेटवेजवळ शिडाच्या होड्याही तासावर मिळतात, त्यात तासभर बसा. दोन-तीन हजारांत कळेल. नाहीच जमलं तर सेशेल्स सोडायची गरज नाही. माहेहून प्रालँला जलद फेरी बोट तासाभरात नेते, तिथून ला दीग बेट पंधरा मिनिटांवर. ला दीगवर साध्या अतिथीगृहात राहायचं, सायकलने फिरायचं, प्रालँच्या व्हाले द माईच्या जंगलात जुळ्या नारळाची झाडं बघायची. आठ जणांनी एक दिवस बोट घ्यायची आणि संध्याकाळी जमिनीवर झोपायचं. खर्चही बराच उतरेल. मुख्य म्हणजे पत्नीला एकदा शांतपणे, मित्र समोर नसताना विचारा. "मला चालेल" आणि "मला आवडेल" यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

विमा घेताना शिडाच्या बोटीवरचा मुक्काम संरक्षणात येतो का, हे ईमेलवर लेखी विचारा. काही पॉलिसींत तो वगळलेला असतो. फोनवरचं "हो सर, सगळं कव्हर आहे" हे उत्तर धरू नका.

तुम्ही लिहिलंय की 10 मेपर्यंत पहिला हप्ता भरायचा आहे. तो भरू नका. आज किंवा उद्या ग्रुपवर ऑक्टोबर आणि खोलीवार बुकिंग या दोन गोष्टी मांडा, आणि ज्या मित्राची येणी अडकलीत त्याला आधी वेगळा फोन करा. सतरा महिने मिळाले तर त्यालाही बरं वाटेल. दोन्ही प्रकारची कोटेशनं आली की मला पाठवा. बुकिंग रद्द करण्याचं कलम मी स्वतः वाचून कळवते.