फरशीवरची पावले आणि वॉल्ट्झ

प्रश्न : आम्ही पन्नाशी ओलांडलेले पती-पत्नी घोडबंदर रोडवरील एका वर्गात दोन महिन्यांपासून वॉल्ट्झ हे तीन मात्रांच्या लयीतले पाश्चात्त्य जोडीनृत्य शिकत आहोत. वर्गात पावले जमतात, पण घरी आल्यावर गोंधळ होतो. दिवाणखान्यात कागदी पावले चिकटवून सराव करावा का? कथक शिकणाऱ्या आमच्या नातीलाही त्यांचा उपयोग होईल का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : अवश्य चिकटवा, मात्र ती कधी काढायची हे आधीच ठरवून ठेवा. अमेरिकेत नृत्यशिक्षक आर्थर मरे यांनी १९२० च्या दशकात टपालाने नृत्याचे धडे विकले ते अशाच पावलांच्या आकृत्यांच्या आधारे, त्यामुळे आपली कल्पना जुनी आणि वापरातली आहे. पाऊल कोठे पडावे हे अशी खूण सांगते. ते कधी पडावे आणि शरीराचा भार केव्हा त्यावर यावा, हे मात्र ती सांगू शकत नाही, आणि घरी होणारा गोंधळ बहुतेक वेळा तेथेच असतो.

वॉल्ट्झचा चौकोन सहा पावलांचा असतो. पुरुषाने डावा पाय पुढे टाकायचा, उजवा बाजूला न्यायचा आणि डावा त्याला जुळवायचा. मग उजवा मागे, डावा बाजूला आणि उजवा जुळवायचा. आपल्या पत्नीची सुरुवात उजवा पाय मागे घेऊन होईल. जुळवलेला पाय नुसता टेकवून ठेवला, त्यावर भार घेतला नाही, तर पुढच्या मात्रेला चुकीचा पाय उचलला जातो. म्हणून तिसऱ्या आणि सहाव्या पावलावर दुसरा पाय क्षणभर अधांतरी उचलून पाहावा. तो सहज उचलला गेला तर भार पुरता आला असे समजावे. मोजताना दादरा तालाच्या सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन विभागांत, मनात धराव्यात. आपल्या कानाला ते वजन ओळखीचे आहे आणि प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवरचा जोर त्यातून आपोआप येतो.

सुटे कागद गुळगुळीत फरशीवर सरकतात आणि या वयात पडणे परवडणारे नाही. त्याऐवजी सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावावेत, दोघांसाठी दोन रंगांचे. पाऊल बेताचेच ठेवावे. चार-पाच दिवसांनी बाजूच्या पावलांच्या खुणा काढाव्यात, मग उरलेल्या, कारण सतत खाली पाहिल्याने मान वाकते, तोल पुढे जातो आणि जोडीदाराकडे लक्ष राहत नाही.

नातीच्या तत्कारासाठी, म्हणजे कथकमधल्या बोलांवरच्या पायांच्या कामासाठी, पावलांच्या खुणा निरुपयोगी आहेत. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ मध्ये पाय जागच्या जागीच पडतात आणि मध्यावर डावा पाय लागोपाठ दोनदा येतो. ही गोष्ट कानाने आणि हातावर टाळी धरूनच पक्की होते. चक्करांसाठी, म्हणजे गिरक्यांसाठी, मात्र फरशीवर एकच फुली करून द्यावी. चक्कर संपल्यावर ती त्या फुलीपासून किती सरकली, हे तिला स्वतःलाच दिसेल.